खाडीकाठची जिताडा हॅचरी: जागेच्या निवडीपासून खाडीत बोटुकली सोडण्यापर्यंत

रायगडच्या खारपट्ट्यात, विशेषतः पेण-अलिबागच्या बाजूला, घरालगतच्या तळ्यात जिताडा हा खाडीतला मासा पाळण्याची पद्धत जुनी आहे. पावसाळ्यात उघाडीतून (खारबांधातील झडपेतून) आत शिरलेली किंवा खाडीत पाग (फेकजाळे) टाकून धरलेली पिल्ले तळ्यात सोडायची आणि पुढे घरात काही कार्य निघाले किंवा व्याही येणार असले की एखादा मोठा मासा काढायचा, एवढाच तो व्यवहार होता. आता जिताड्याला बाजारात चांगला भाव आहे, खाडीत पिंजरे लागले आहेत, तळ्यांची संख्या वाढली आहे आणि त्यामानाने खाडीतून मिळणारी पिल्ले पुरत नाहीत. बीज, म्हणजे पाळायची पिल्ले, दुसऱ्या राज्यातून आणावे लागते, ते वाटेत मरते आणि जगले तरी त्याच्या आरोग्याची खात्री देता येत नाही. म्हणून ‘आपणच हॅचरी, म्हणजे बीज तयार करणारे केंद्र, काढू’ हा विचार आज अनेक मच्छीमार सहकारी संस्थांत, बचत गटांत आणि खारभूमीच्या शेतकऱ्यांत बोलला जातो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

हॅचरीला लागणारे नियम वरवर पाहता पुष्कळ आणि वेगवेगळ्या कार्यालयांत विखुरलेले दिसतात. प्रत्यक्षात त्या सर्वांच्या मुळाशी चारच प्रश्न असतात: पाणी कोठून घेतले, ते कोठे सोडले, मासा कोठून आणला आणि तो कोठे गेला. बहुतेक लोक परवानगीचा कागद हाती येईपर्यंत धावपळ करतात आणि नंतर नोंदवह्या कोऱ्या ठेवतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. या चार प्रश्नांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवली, तर निम्मे कागद त्यातूनच तयार होतात.

कोणता कायदा कशासाठी लागतो

किनाऱ्यावरील मत्स्यसंवर्धनावर स्वतंत्र कायदा येण्याचे कारण कोळंबी आहे. नव्वदच्या दशकात पूर्व किनाऱ्यावर कोळंबीचे तलाव बेसुमार वाढले, शेती आणि विहिरी खारावल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६ च्या निकालाने किनारी नियमन क्षेत्रातील औद्योगिक पद्धतीची कोळंबीशेती हटवण्याचा आदेश दिला आणि तिच्यावर देखरेखीसाठी प्राधिकरण नेमण्यास सांगितले. त्यातून पुढे तटीय जलकृषी प्राधिकरण अधिनियम, २००५ आला. या प्राधिकरणाचे मुख्यालय चेन्नईस आहे. भरतीरेषेपासून दोन किलोमीटरच्या पट्ट्यात, मग ती रेषा समुद्राची असो, खाडीची असो वा नदीमुखाची, खाऱ्या किंवा निमखाऱ्या पाण्यात संवर्धन करायचे असेल तर या प्राधिकरणाची नोंदणी लागते. २०२३ च्या दुरुस्तीने हॅचरी, प्रजनक साठा (विणीसाठी ठेवलेले मासे) वाढवणारी केंद्रे, पिंजरा संवर्धन आणि समुद्री शेवाळाची शेती हे सर्व स्पष्टपणे या कायद्याच्या कक्षेत आणले. पूर्वी नोंदणीविना संवर्धनास तुरुंगवासाची तरतूद होती. दुरुस्तीनंतर तिची जागा दंडाने घेतली आहे.

पकडलेल्या माशाचा विषय राज्याच्या कायद्यात येतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा त्याचा आधार असून २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, दंड वाढले आणि प्रकरणाचा निवाडा करण्याचे काम तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. जून आणि जुलैची पावसाळी बंदी, जाळ्यांच्या आसांचे (छिद्रांचे) नियम, तसेच २०२३ मध्ये पन्नासहून अधिक प्रजातींसाठी ठरवलेली किमान कायदेशीर लांबी ही सर्व याच चौकटीतली आहे. याखेरीज कांदळवन आणि किनाऱ्यालगतच्या बांधकामासाठी २०१९ ची किनारी नियमन क्षेत्र अधिसूचना आणि संरक्षित प्राण्यांसाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लक्षात ठेवावा लागतो.

पहिली पायरी: जागा, आणि जुलैमधील पाणी

जागा पाहायला लोक डिसेंबर-जानेवारीत जातात. त्या वेळी खाडी निळी, भरती स्वच्छ आणि रस्ता कोरडा असतो. माझा आग्रह असा की जागा पाहायची ती जुलैमध्ये, तीन-चार दिवस पाऊस लागून राहिल्यानंतर आणि अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला. कोकणातील नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. सह्याद्रीवर पडलेला पाऊस काही तासांत खाडीत उतरतो आणि खाडीचे पाणी गढूळ व जवळजवळ गोडे होऊन जाते. जिताड्याच्या विणीला मात्र दर हजारी अठ्ठावीस ते तेहतीस भाग एवढी, म्हणजे जवळपास खुल्या समुद्राइतकी क्षारता लागते आणि त्याचा नैसर्गिक विणीचा हंगाम नेमका पावसाळ्याच्या आसपास येतो. निसर्गात मासा स्वतः खाडीच्या मुखाशी उतरून ही अडचण सोडवतो. टाकीतल्या माशाची अडचण मालकाला सोडवावी लागते.

यावर व्यवहार्य मार्ग तीन आहेत. पहिला म्हणजे खाडीच्या आत न जाता खुल्या, खडकाळ किनाऱ्यालगत जागा घेणे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जांभ्याच्या सड्यांखाली अशा जागा मिळतात, रायगडच्या चिखलपट्टीत त्या कमी आहेत. दुसरा मार्ग असा की मे महिन्यातच खारे पाणी गाळून मोठ्या बंद टाक्यांत साठवावे आणि पावसाळाभर तेच पाणी शुद्ध करून पुन्हा पुन्हा वापरावे. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आहे: माशाला तापमान, खाद्य आणि संप्रेरकाच्या साहाय्याने पावसाळ्याच्या आधीच विणीस आणावे आणि जूनच्या आत मोठा हंगाम उरकावा. लहान संस्थेने तिसऱ्या मार्गाने सुरुवात करून दुसऱ्याची तयारी ठेवावी.

शुद्ध समुद्राचे पाणी लागते म्हणूनच २०२३ च्या दुरुस्तीने हॅचरीला भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आतही उभारणीची वाट मोकळी केली. तलावांना ती मुभा नाही. मात्र या सवलतीचा अर्थ ‘किनाऱ्यावर कोठेही’ असा घेऊ नये. कांदळवने, अभयारण्ये आणि इतर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे तिच्याबाहेर आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे, १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य आणि ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य ही ठळक उदाहरणे होत. डहाणू तालुक्याला १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्राचे वेगळे निर्बंध आहेत. एक हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा राखीव पट्टाही अधिसूचनेतच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा आघात मानला आहे, तेव्हा ‘चार तिवरे तोडून पाइप काढू’ हा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

खारपट्ट्यात आणखी एक फसगत होते. सातबाऱ्यावर भातशेती असलेली, पण उघाडी मोडल्यामुळे वर्षानुवर्षे खारे पाणी भरलेली जमीन मालकाला पडीक वाटते आणि कागदावर ती शेतजमीनच असते. शेतजमीन, मिठागरे, दलदलीची जागा, वनजमीन आणि गावाच्या सामाईक वापराची जमीन किनारी संवर्धनाकडे वळवता येत नाही, असे प्राधिकरणाचे नियम सांगतात. शिवाय शासकीय बांध असलेल्या क्षेत्राला महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम, १९७९ लागू असतो. म्हणून इसार देण्यापूर्वी सातबारा, फेरफार आणि गाव नकाशा घेऊन खारभूमी विकास कार्यालयात एक फेरी मारावी. कोळंबीच्या तलावांसाठी ठरवलेली अंतरे हॅचरीनेही पाळावीत, असे मला वाटते: पाचशेहून कमी वस्तीच्या वाडीपासून शंभर मीटर, त्याहून मोठ्या गावापासून तीनशे मीटर आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून शंभर मीटर. गावाची विहीर खारावली तर पुढची सर्व कागदपत्रे निरर्थक ठरतात.

दुसरी पायरी: कागदपत्रांचा क्रम

प्रथम जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात तोंडी चर्चा न करता लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. त्यात प्रजाती, वार्षिक बीज उत्पादनाचे लक्ष्य, पाणी घेण्याचे व सोडण्याचे ठिकाण आणि प्रजनक माशांचा स्रोत या पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात. ‘मत्स्यबीज निर्मिती’ असे मोघम लिहू नये, कारण जिताडा, चिंबोरी, काळुंदर आणि कोळंबी यांच्या अटी भिन्न आहेत. व्हेनामी कोळंबी तर परदेशी जात असल्याने तिच्या हॅचरीची परवानगी पूर्णपणे वेगळी आहे. तिथे विशिष्ट रोगांपासून मुक्त असलेला, आयात होऊन विलगीकरणातून आलेला किंवा मान्यताप्राप्त केंद्राचा प्रजनक साठाच वापरता येतो आणि तलावात वाढलेली कोळंबी प्रजनक म्हणून वापरणे निषिद्ध आहे.

त्यानंतर प्राधिकरणाच्या नोंदणीचा अर्ज करावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समिती जागेची पाहणी करून शिफारस करते. नोंदणी पाच वर्षांची असते. अर्जासोबत जागेचा आराखडा, सांडपाणी शुद्धीकरणाची रचना आणि जैवसुरक्षेची योजना जोडावी लागते, म्हणून अभियंत्याकडून आराखडा काढतानाच शुद्धीकरणाची टाकी त्यात बसवून घ्यावी. नंतर जागा उरत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव, वीजजोडणी, तसेच प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आपल्या क्षमतेच्या केंद्राला लागते का याचे मंडळाकडून लेखी उत्तर, हे समांतर चालू ठेवता येते. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदराची सवलत मागताना त्या शासन निर्णयाची प्रत सोबत ठेवावी. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदानाचे सूत्र आहे, परंतु मंजुरीपूर्वी बांधकाम सुरू केल्यास अनुदानाचा दावा अडचणीत येतो.

तिसरी पायरी: प्रजनक मासे, आणि खाडीशी होणारा पहिला व्यवहार

या पायरीवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण परवान्यांत कोणी चुकले तर कार्यालय पत्र पाठवते, पण येथे चुकले तर कोणीच काही सांगत नाही आणि चूक पाच-सहा वर्षांनी खाडीत दिसते.

जिताडा जन्मतः नर म्हणून वाढतो. साधारण तीन-चार वर्षांचा, दोन-तीन किलोचा होताना तो नर म्हणून प्रौढ होतो आणि पुढे, चार-पाच किलोच्या वर गेल्यावर, त्यांतील बरेच मासे मादी होतात. म्हणजे खाडीतील सर्व मोठे मासे काढले तर आपण जवळजवळ फक्त माद्याच काढतो. आणि दीड-दोन किलोचे मासे सरसकट बाजारात गेले तर पुढे मादी होण्यासाठी कोणी उरतच नाही. हॅचरीचा मालक जेव्हा ‘सहा किलोच्या वरचा जिवंत जिताडा आणा, दुप्पट पैसे देतो’ असे बंदरावर सांगून येतो, तेव्हा त्याने त्या खाडीतील माद्यांवरच इनाम लावलेले असते. एक मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी देते. अशी एक मादी अर्धमेल्या अवस्थेत टाकीत आणून चार दिवसांत मारण्यापेक्षा ती खाडीच्या मुखाशी राहिलेली बरी.

म्हणून प्रजनक मिळवण्याची पद्धत पुढीलप्रमाणे असावी.

प्रथम, शक्य तेवढे प्रजनक तळ्यांतून आणि पिंजऱ्यांतून वाढवावेत. स्थानिक तळ्यातील तीन-चार वर्षांचे जिताडे विकत घेऊन ते पुढे मोठ्या टाकीत वाढवता येतात. वेळ लागतो, पण मासा टाकीला सरावलेला असतो. त्याचे मूळ बीज कोणत्या खाडीचे किंवा कोणत्या केंद्राचे होते हे मात्र विचारून लिहून ठेवावे.

दुसरे, खाडीतून मासा घ्यायचाच असेल तर संख्या आधी ठरवून विभागाला लेखी कळवावी आणि तो बंदीकाळापूर्वी, मार्च ते मे दरम्यान घ्यावा. असा मासा विणीपूर्वी काही महिने टाकीत राहिल्याने सावरतोही. पावसाळी बंदीतून यंत्रचलित नसलेल्या पारंपरिक होड्यांना सूट असते, याचा आधार घेऊन विणीला उतरलेल्या माद्या नेमक्या त्या दिवसांत धरणे कायद्याच्या अक्षरात बसले तरी हेतूत बसत नाही. गळाला लागलेला मासा जाळ्यातल्यापेक्षा कमी खरवडलेला असतो. तोंडातील गळ कापून काढावा, ओढू नये. मासा हातजाळीने न उचलता ओल्या कापडी झोळीतून उचलावा.

तिसरे, प्रत्येक माशाला ओळखचिन्ह द्यावे आणि त्याचे पान उघडावे. मी एका केंद्राची नोंदवही पाहिली होती, तिच्यात एका ओळीत ‘जिताडा, ८ नग’ एवढेच लिहिले होते. वजन, लांबी, लिंग, खाडीचे नाव, धरणाऱ्याचे नाव, दिनांक, यांपैकी काही नाही. त्या आठ माशांपैकी प्रत्यक्षात कोणी वीण दिली, हे विचारल्यावर तेथील कामगारांनी दोन माद्यांकडे बोट दाखवले.

हीच बाब आकड्यांत मांडली तर तिचे गांभीर्य कळते. वंशवैविध्य टिकण्याच्या दृष्टीने टाकीतील माशांची मोजणी डोकी मोजून होत नाही. प्रत्यक्ष वीण देणाऱ्या नरांची संख्या आणि माद्यांची संख्या यांचा गुणाकार करावा, त्याची चौपट करावी आणि तिला दोहोंच्या बेरजेने भागावे. येणारा आकडा ही त्या कळपाची परिणामकारक संख्या. दोन माद्या आणि आठ नर असतील तर दोन गुणिले आठ म्हणजे सोळा, त्याची चौपट चौसष्ट, भागिले दहा, म्हणजे ६.४. दिसायला दहा मासे, वंशाच्या दृष्टीने साडेसहासुद्धा नाहीत. अशा कळपात एका पिढीत सगोत्र (जवळच्या नात्यातील) प्रजननाची वाढ सुमारे आठ टक्के होते. हीच संख्या पन्नास असेल, म्हणजे पंचवीस नर आणि पंचवीस माद्यांनी वीण दिली असेल, तर ती वाढ एक टक्का राहते. तळ्यात वाढवून बाजारात जाणाऱ्या बीजासाठी लहान कळप चालून जातो, कारण तो मासा ताटात संपतो. जे बीज खाडीत सोडायचे आहे त्यासाठी पन्नासच्या खाली जाऊ नये. लहान संस्थेला एका वर्षात हे जमणार नाही. दरवर्षी काही प्रजनक बदलत, दोन-तीन हंगामांच्या तुकड्या मिळून हा आकडा गाठावा, किंवा एकाच खाडीवरील दोन संस्थांनी नर अदलाबदलीने वापरावेत.

चौथे, दूरच्या किनाऱ्याचा साठा आणि स्थानिक साठा वेगळ्या टाक्यांत ठेवावा. जिताड्याची कृत्रिम वीण आपल्याकडे प्रथम चेन्नईच्या केंद्रीय खारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये साधली आणि आजही बरेचसे बीज पूर्व किनाऱ्यावरून येते. ते तळ्यासाठी उत्तम असू शकते. कोकणातल्या खाडीत सोडण्यासाठी मात्र त्या खाडीचेच किंवा शेजारच्या खाडीचे प्रजनक हवेत.

प्रजनकांच्या खाद्याबाबत एक सूचना येथेच देतो. जिताडा मासळीच खातो आणि बंदरावर फिशमीलच्या मिलला जाणारी बारीक मासळी स्वस्त मिळते. तिच्यात किमान लांबीपेक्षा लहान पापलेट, सुरमई, घोळ यांची पिल्ले असतील तर ती विकत घेणारा या बेकायदा मासेमारीचे गिऱ्हाईक ठरतो. तारली-बांगड्यासारखी योग्य आकाराची मासळी घ्यावी, ती गोठवून मगच वापरावी, म्हणजे परजीवीही कमी होतात, आणि खरेदीची पावती ठेवावी.

चौथी पायरी: विलगीकरण, वीण आणि पिल्ले

नवा मासा किमान तीन आठवडे स्वतंत्र टाकीत, स्वतंत्र पाग-बादल्यांसह ठेवावा. आल्याबरोबर त्याला काही मिनिटे गोड्या पाण्यात बुडवून अंगावरचे समुद्री परजीवी काढावेत. जिताड्याच्या पिल्लांचा सर्वांत घातक रोग म्हणजे मज्जासंस्थेचा विषाणूजन्य रोग. पिल्ले गोल गोल फिरू लागतात आणि दोन-चार दिवसांत टाकी रिकामी होते. प्रजनकांच्या नमुन्यांची पीसीआर चाचणी (विषाणूचा अंश शोधणारी प्रयोगशाळेतील तपासणी) करून बाधित मासा विणीतून बाद करणे हाच त्यावर उपाय आहे, कारण औषध नाही. चाचणी कोठे होते याची चौकशी रत्नागिरीतील शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात किंवा मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत करता येईल. प्रतिजैविके टाकीत टाकण्याचा मोह टाळावा. २०२३ च्या दुरुस्तीने किनारी संवर्धनात त्यांच्यावर बंदीच घातली आहे.

टाकीतला जिताडाही अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच विणीला येतो, म्हणून संप्रेरकाचे इंजेक्शन त्या तिथी धरून द्यावे. अठ्ठावीस अंश तापमानात अंडी साधारण सोळा-सतरा तासांत फुटतात. तिसऱ्या दिवसापासून रोटिफर, आठव्या-नवव्या दिवसापासून आर्टेमिया (दोन्ही बारीक जिवंत खाद्ये) आणि पुढे हळूहळू कोरडे खाद्य, असा क्रम असतो. पिल्ले एकमेकांना खातात. स्वतःच्या लांबीच्या दोनतृतीयांश एवढे भावंड जिताडा गिळू शकतो. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून दर तीन-चार दिवसांनी चाळणी लावून आकारवारी करावी लागते. येथे कंटाळा केला की बीज आपोआप कमी होते आणि नोंदवहीत ‘अज्ञात कारणाने मर’ असे लिहिण्याची वेळ येते.

पाचवी पायरी: बाहेर जाणारे पाणी आणि निसटणारा मासा

हॅचरीचे सांडपाणी प्रमाणाने थोडे, पण रोगजंतूंच्या दृष्टीने जड असते. ते थेट खाडीत सोडू नये. गाळ बसवण्याची एक टाकी, क्लोरीन देऊन किमान एक दिवस थांबवण्याची दुसरी आणि उरलेले क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने किंवा जोरदार हवा देऊन घालवण्याची तिसरी, अशी साखळी बांधावी. क्लोरीन न घालवता पाणी सोडले तर पाइपाच्या तोंडाशी असलेली कालवे आणि तिसऱ्या (शिंपल्या) मरतात, आणि त्या वेचणाऱ्या बायका ते कोणत्याही निरीक्षकाच्या आधी ओळखतात. खाडीसारख्या बंदिस्त पाण्यात सोडायच्या सांडपाण्याचे निकष खुल्या समुद्रापेक्षा कडक असतात. पाणी घेण्याचा पाइप सोडण्याच्या पाइपापासून लांब असावा आणि पाणी सोडण्याची वेळ ओहोटीची असावी. मेलेली पिल्ले चुन्यासह पुरावीत.

निसटण्याचा धोका पावसाळ्यातच मोठा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्यालगतून गेले आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेले. टाक्यांची काठउंची ठरवताना सर्वांत मोठे उधाण आणि अतिवृष्टी एकत्र आली तर पाणी कोठवर येईल, हे गावातील म्हाताऱ्यांना विचारून भिंतीवर खूण करावी. प्रत्येक निचऱ्यावर पिल्लाच्या डोक्यापेक्षा बारीक आसाची दुहेरी जाळी असावी. परदेशी किंवा संकरित जाती ठेवणाऱ्या केंद्रांसाठी हे अधिकच महत्त्वाचे आहे. आफ्रिकन मागूर ऊर्फ थाई मागूर यावर देशात बंदी असूनही राज्यात अनेक ठिकाणी त्याचे तलाव सापडले आणि ते नष्ट करावे लागले. तो एकदा नदीत पसरला की परत गोळा करता येत नाही.

मासे खायला पाणमांजरे आणि पाणकावळे येणारच. पाणमांजर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. टाकीवर जाळे आणि भक्कम कुंपण घालावे, सापळे व विष वापरू नये.

सहावी पायरी: विक्री

प्रत्येक तुकडीला क्रमांक द्यावा. पिशवीसोबत तुकडी क्रमांक, प्रजनकांचा स्रोत, सरासरी लांबी, क्षारता आणि चाचणीचा दिनांक लिहिलेले पत्रक द्यावे. घेणाऱ्याचे नाव व गाव आपल्या वहीत नोंदवावे, म्हणजे महिनाभराने एखाद्या तळ्यात रोग दिसला तर त्याच तुकडीचे बाकीचे ग्राहक शोधता येतात. जाता जाता नावाबद्दल: सिल्व्हर पाँपॅनोचे बीज ‘पापलेटचे बीज’ म्हणून विकले जाते. पाँपॅनो वेगळ्या कुळातला मासा आहे. २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून घोषित झालेल्या आपल्या पापलेटशी त्याचा संबंध नावापुरताच आहे. ग्राहकाला हे स्पष्ट सांगावे.

सातवी पायरी: खाडीत बोटुकली सोडणे

हॅचरीने वर्षातून एकदा पाहुणे बोलावून, हार-नारळ करून खाडीत बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, सोडण्याची पद्धत आता दिसू लागली आहे. हेतू चांगला असला तरी विभागाच्या लेखी संमतीविना कोणतीही पिल्ले सोडू नयेत, आणि आकारवारीत मागे पडलेली, वाकड्या पाठीची किंवा विक्रीतून उरलेली पिल्ले तर मुळीच नाही. पन्नासच्या परिणामकारक संख्येची अट आणि त्याच तुकडीची पीसीआर चाचणी, या दोन गोष्टींचे कागद संमतीच्या अर्जाला जोडावेत.

सोडण्यापूर्वीच्या हंगामात खाडीवरच्या पागवाल्यांकडून आणि गरवणाऱ्यांकडून वर्षभराची साधी नोंद घ्यावी: किती जिताडे, कोणत्या लांबीचे, कोठे. ही नोंद नसेल तर सोडलेल्या माशाचा उपयोग झाला की नाही हे कधीच कळणार नाही. जिताडा शिकारी मासा आहे. खाडीच्या ज्या फाट्यात बोयटे आणि लहान कोळंबी आधीच कमी झाली आहे तेथे हजारो जिताडे सोडणे म्हणजे उरलेल्यांवर धाड घालणे होय. संख्या थोडी ठेवावी आणि अनेक फाट्यांत विभागावी.

पिल्ले चार इंचांच्या आसपासची असावीत. त्यांतील ठरावीक हिस्सा, समजा दहापैकी एक, पोटाजवळचा एक पर कापून चिन्हांकित करावा. दरवर्षी डावा-उजवा बदलावा. आदल्या दोन दिवसांत टाकीची क्षारता हळूहळू त्या फाट्याच्या पाण्याइतकी आणावी. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीत) ओढ कमी असते, म्हणून तीच तिथी निवडावी. पहाटे भरती टेकलेली असताना, कांदळवनाच्या मुळांत, होडीतून थोडी थोडी पिल्ले सोडावीत. पिशवी पाण्यात वीस मिनिटे तरंगत ठेवावी आणि मग तोंड उघडावे. पुलावरून बादली उपडी करू नये. त्या फाट्यात पुढचे काही आठवडे बारीक आसाचे जाळे लावू नये असा ठराव मच्छीमार संस्थेने आधीच करून त्याची प्रत बंदरावर चिकटवावी.

पर कापलेला जिताडा ज्याला मिळेल त्याने त्याची लांबी व जागा सांगावी आणि संस्थेने त्याबद्दल ठरलेली छोटी रक्कम लगेच रोख द्यावी. उधारीवर ही माहिती मिळत नाही. आलेली प्रत्येक नोंद प्रजनकांच्या वहीतील त्या तुकडीच्या पानावरच लिहावी, आणि पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज करताना त्या पानांच्या प्रती सोबत जोडाव्यात.